ठकूआत्याचं उघडं पान

एका जंगलात एक साळिंदर बाई राहत होती. जंगलाचं नाव विचारू नका, मुलांनो. तिथले बरेच जण अजून हयात आहेत, आणि हयात असणाऱ्यांचा पत्ता असा चारचौघांत सांगू नये, एवढं तरी आपल्याला कळतं. ज्याला ते कळत नव्हतं, त्याच्या आत्याची ही गोष्ट आहे.

आत्याचं नाव ठकू. माहेरची काटे, सासरची बोचरे. साळिंदरांत हीच दोन मोठी घराणी. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचं ऐसपैस बीळ होतं आणि त्यात ती एकटी राहायची. एकटी म्हणजे बिचारी नव्हे हं. हौसेनं एकटी.

बिळाला दोन दारं होती. पुढचं दार पाहुण्यांना आत येण्यासाठी. मागचं दार, पाहुणे आत आले की ठकूआत्याला बाहेर पडण्यासाठी.

ती स्वतःबद्दल फारसं बोलायची नाही. वय विचारलं तर चौदा पावसाळे सांगायची. गेली पाच वर्षं चौदाच. पाठीवरचे सात काटे गळून पडले होते, तिथं तिनं बांबूच्या काड्या डिंकानं चिकटवल्या होत्या. आणि डाव्या कानानं आपल्याला ऐकू येत नाही, असं तिनं सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं. ऐकू तिला उत्तम यायचं. पण कुणी बारशाला, मुंजीला, चार दिवस राहायला बोलावू लागलं की ती डावा कान पुढे करायची. बोलावणारा थोडा वेळ ओरडायचा, मग दमून निघून जायचा.

असं सगळं छान चाललं होतं.

एके दिवशी सकाळी ती दारात बसून भाजलेलं रताळं खात होती. तेवढ्यात पायवाटेवरून रडण्याचा आवाज आला. एकाचा नाही, सतरा जणांचा. पुढे कावेरीवहिनी होती, ठकूआत्याच्या धाकट्या भावाची बायको. पदर डोळ्याला, आणि पदराआडून नजर बिळाच्या कमानीवर.

"वन्सं! अहो वन्सं! अशा कशा हो आम्हाला टाकून गेलात!"

"कुठं गेले?" ठकूआत्यानं विचारलं.

"वर!"

"मी इथं आहे. रताळं खातेय."

कावेरीवहिनीनं पदर बाजूला केला. तिच्याकडे नीट पाहिलं. मग मागच्या सोळा जणांकडे पाहिलं. सोळाही जणांनी आपापले मोबाइल काढून पुन्हा वाचले.

"पण झाडावर तर तुम्ही वारलात असं लिहिलंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडी तक्रार होती. "रविवारी पहाटे. शांतपणे. झोपेत."

"मग कुणीतरी चुकीचं लिहिलंय."

"असेल बाई. पण आम्ही तीन टेकड्या चढून आलोय. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नाही."

असं म्हणून सतरा जण आत गेले. ठकूआत्या मागच्या दारानं निघणार होती, पण आज निघावंसं वाटेना. आपण वारलो म्हणून आलेली मंडळी आहेत, आपणच नसलो तर बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं. मंडळींनी आतल्या खोलीतली निम्मी रताळी संपवली. आतल्या खोलीत रताळी आहेत हे त्यांना कुणी सांगितलं, ते ठकूआत्याला कळलं नाही.

जाता जाता कावेरीवहिनी दारात थांबली.

"काय हो वन्सं, एकोणीस का तुम्ही?"

"काय एकोणीस?"

"पावसाळे. झाडावर लिहिलंय. एकोणीस पावसाळे आणि चार महिने. मला वाटत होतं आपण बरोबरीच्या."

ठकूआत्यानं डावा कान पुढे केला. कावेरीवहिनीनं तोंड तिच्या उजव्या कानाशी नेलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश.

मंडळी गेल्यावर ठकूआत्या तडक दिगंबरकडे निघाली.

दिगंबर काटे हा तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. जंगलाच्या शिरगणतीत तो मुंग्या मोजायच्या कामावर होता. मोजत आणल्या की मुंग्या जागा बदलायच्या, आणि हा पुन्हा एकपासून सुरुवात करायचा. निवृत्त झाला तेव्हा मोजायची सवय अंगात मुरलेली होती आणि समोर मुंग्या नव्हत्या. म्हणून त्यानं नातेवाईक मोजायला घेतले.

तो एका वारुळावर बसला होता. त्या जंगलात कोळ्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं विणलं होतं आणि वारुळावर चढलं की मोबाइलवर ते स्वच्छ दिसायचं. खाली रेंज कुठं कुठंच यायची. मोबाइल जंगलात कसे आले, हे विचारू नका. गोष्ट लांबेल.

"दिग्या!" ठकूआत्या खालूनच ओरडली. "मी कधी वारले?"

"रविवारी," दिगंबर म्हणाला. मग त्यानं वळून पाहिलं. "अगं आत्या, तू! ये ना वर. बघ, आपलं झाड कसं हिरवंगार झालंय."

ती वर चढली. दिगंबरनं तिला मोबाइल दाखवला. जाळ्यावर 'आपलं झाड' नावाची सोय होती. तिथं कुणीही आपल्या कुळाचं झाड लावू शकत होतं. प्रत्येक नातेवाइकाला एक पान. पानावर नाव, गाव, वय, सवयी, काय हवं ते. एकानं लावायचं, सगळ्यांनी मिळून वाढवायचं.

"आता हा नियम बघ," दिगंबर म्हणाला. "वारलेल्यांची पानं हिरवी. सगळ्या जगाला उघडी. हयात असणाऱ्यांची पानं राखाडी. त्यावर फक्त 'खाजगी' असं दिसतं. आपल्या कुळातल्यांना आतलं वाचता येतं, बाहेरच्यांना नाही."

"बरा नियम आहे."

"काय बरा! आपल्या कुळात चौऱ्याऐंशी जण हयात. चौऱ्याऐंशी राखाडी पानं! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं झाडाला कीड लागलीय. पलीकडच्या खवलेमांजरांचं झाड बघ. चारशे पानं, सगळी हिरवी. त्यांचे पूर्वज भराभर वारलेत. काल त्यांचा एक जण मला म्हणाला, काय हो काटे, तुमच्याकडे हा खाजगी नावाचा एकच माणूस दिसतोय सगळीकडे."

"म्हणून तू मला मारलंस?"

"पानापुरतं, आत्या. तुझ्यापासून सुरुवात केली. तू वयानं सगळ्यांत जवळ होतीस."

"आणि बाकीचे?"

"रोज थोडे थोडे करतोय. अकरा झाले. मीसुद्धा वारलोय," दिगंबर अभिमानानं म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

ठकूआत्यानं आपलं पान वाचायला घेतलं. पान फार मोठं होतं. दिगंबरनं मनापासून लिहिलं होतं. ठकूबाई बोचरे, माहेरच्या काटे. एकोणीस पावसाळे, चार महिने. डाव्या कानानं बहिऱ्या. पाठीवरचे सात काटे बांबूचे, डाव्या बाजूला. ओढ्याच्या वरच्या अंगाला बीळ, दक्षिणेकडे तोंड, हवेशीर. दारं दोन, पैकी मागचं करवंदीच्या जाळीआड. रताळी आतल्या खोलीत. एकट्या राहत असत. शेजारी कुणी नाही. स्वभाव प्रेमळ.

"हे काड्यांचं कुणी सांगितलं तुला?"

"डिंक मीच नाही का आणून देत?"

पान वाचताना तिला असं वाटलं, की आपण ओढ्यावर आंघोळ करतोय आणि काठावर सगळं जंगल डबे घेऊन जेवायला बसलंय.

"मला जिवंत कर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"करतो ना. फक्त हयातीचा दाखला जोडावा लागतो. मारायला काही लागत नाही, जिवंत करायला लागतो. कचेरीत जा, तासाभराचं काम आहे."

कचेरीत धिमे भाऊसाहेब होते. ते कासव होते आणि त्यांचं टेबल त्यांच्याहून उंच होतं, त्यामुळे अर्जदाराला आधी त्यांना शोधावं लागायचं.

"हयातीचा दाखला हवाय," ठकूआत्या टेबलाखाली वाकून म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा. ठकूबाई बोचरे."

भाऊसाहेबांनी मोबाइलवर झाड उघडलं. बराच वेळ वाचलं. मग ते टेबलाखालून बाहेर आले, हळूहळू तिच्या डाव्या बाजूला गेले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या पायाखाली विंचू आहे."

ठकूआत्यानं टुणकन उडी मारली.

"नाही विंचू," भाऊसाहेब म्हणाले. "पण तुम्हाला ऐकू आलं. नोंदीतल्या ठकूबाईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. तुम्हाला येतं. म्हणजे तुम्ही त्या नव्हेत."

"अहो, मीच ती! ते बहिरेपण खोटं होतं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता, असं तुम्हीच सांगताय. मग तुम्ही जिवंत आहात यावर मी कसा विश्वास ठेवू?" त्यांनी एक फॉर्म तिच्या हातात दिला. "हा भरून पुढच्या पौर्णिमेला या. तोवर तेरा दिवस होऊन जातील म्हणा."

"तेरा दिवसांनी काय होतं?"

"जंगलाचा नियम आहे. बीळवाला वारला आणि बिळावर हक्क सांगणारं कुणी आलं नाही, तर तेराव्या दिवसानंतर जो पहिला आत झोपेल, त्याचं बीळ."

ठकूआत्या जवळजवळ पळतच घरी आली.

अंगणात एक तरस झाडू मारत होता.

चांगला धिप्पाड होता. मानेवर आयाळ, तेल लावून नीट बसवलेली. त्यानं पाचोळ्याचा ढीग एका बाजूला केला होता आणि आता पावलं टाकून अंगण मोजत होता.

"कोण तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी त्र्यंबक खिदळे." तो हसला. तरसांना हसायला कारण लागत नाही. "कैलासवासी ठकूबाईंचं बीळ पाहायला आलोय. सुंदर आहे. दक्षिणेकडे तोंड, हवेशीर. मला हवं होतं अगदी तसंच."

"मी ठकूबाई."

"शक्य नाही." त्यानं पळसाच्या पानावर उतरवून आणलेला मजकूर काढला. "हे बघा. रविवारी पहाटे, शांतपणे."

"पण मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"बाई, समोर काय, कुणीही उभं राहतं. नोंदीत काय आहे ते खरं." तो पुढे वाचू लागला. "सात काटे बांबूचे, डाव्या बाजूला." आणि मान वाकडी करून तिच्या डाव्या बाजूकडे बघू लागला. "अरे वा. छान बसवलेत."

ठकूआत्यानं अंग चोरलं. आजवर तिनं वाघ पाहिला होता, वणवा पाहिला होता. पण असं तिला कधी वाटलं नव्हतं. हा प्राणी तिला आज पहिल्यांदा भेटत होता आणि त्याला तिच्या घरातली रताळी कुठं आहेत ते माहीत होतं.

मग तिला राग आला. तिनं पाठ फिरवली, काटे फुलवले आणि त्याच्या अंगावर धावून गेली.

"आं आं!" तरस मागे सरकत म्हणाला. "मयतानं बोचणं नियमात बसत नाही. मी भाऊसाहेबांकडे तक्रार करीन. आणि मागच्या दारानं जाऊ नका, तिथं करवंदीच्या जाळीत मी माझी चटई टाकलीय. आपण कशाला भांडायचं? तेराव्यापर्यंत मी बाहेर बसतो. तुम्ही आत बसा. तुम्ही बाहेर आलात की मी आत."

ठकूआत्या आत जाऊन बसली.

बसली ती चार दिवस बसली. बाहेर तो झोपायचा, उठायचा, दात घासायचा, एकटाच हसायचा. आत रताळी संपत चालली होती, कारण निम्मी आधीच सतरा जणांनी खाल्ली होती. झाडावरच्या रविवारपासून सातव्या दिवशी शेवटची दोन उरली. तिनं ती समोर ठेवली आणि नुसती बघत बसली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी यावंसं वाटलं.

आणि दिगंबर आला. तरसानं त्याला आत सोडलं, कारण नोंदीप्रमाणे तोही वारलेला होता आणि दोन मयतांनी बोलण्याला त्याची हरकत नव्हती.

आत्याचा चेहरा पाहून दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं चुकलं गं आत्या. मला वाटलं, नाव निघेल कुळाचं. मी सगळं झाड उपटून टाकतो."

"टाक."

"टाकता येत नाही," तो रडत म्हणाला. "झाड सामायिक आहे. पान छाटायचं तर चौऱ्याऐंशी जणांची संमती लागते. त्यांतले काही एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत."

"आणि पान जोडायचं असेल तर?"

"जोडायला काय! एकानं जोडलं की झालं."

ठकूआत्यानं एक रताळं उचललं, दोन तुकडे केले, एक त्याला दिला. थोडा वेळ ती चावत राहिली.

"दिग्या, डोळे पूस. मला मुलगा दत्तक घ्यायचाय."

"आत्ता? आत्या, तू वारलीयस."

"वारण्याआधी घेतला असं लिही. नाव त्र्यंबक. पत्ता, माझं अंगण. हयात. अविवाहित. नंबर आहे का त्याचा?"

"भाऊसाहेबांकडे बिळासाठी अर्ज दिलाय त्यानं, त्यावर असेल." दिगंबर लिहिता लिहिता थांबला. "पण आत्या, तो तुझा मुलगा झाला तर बीळ कायद्यानं त्याचंच होईल! तेराव्याची वाटसुद्धा बघायला नको."

"होऊ दे."

"शिवाय तो हयात आहे. त्याचं पान राखाडी दिसेल. बाहेरच्या कुणालाच वाचता येणार नाही."

"बाहेरच्यांना कशाला हवंय?" ठकूआत्या म्हणाली. "घरच्यांना दिसेल ना?"

"घरच्यांपासून लपवायची सोयच नाही त्यात."

"मग जोड."

दिगंबर वारुळावर गेला आणि त्यानं पान जोडलं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

सव्वातीनला तरसाचा मोबाइल वाजला. ओढ्याकाठच्या उंचवट्यावर थोडी रेंज यायची आणि त्याची चटई नेमकी तिथवर पसरलेली होती. त्याला 'काटे-बोचरे परिवार' या ग्रुपमध्ये घेण्यात आलं होतं. पहिल्या तासात दोनशे चौदा मेसेज आले. त्यांतल्या एकशे नव्वदांत कमळाचं चित्र होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरीवहिनी आली. या वेळी सतरा नव्हते, सत्तर होते. मुलंबाळं, हंडे, सतरंज्या, सगळं घेऊन.

"अगं बाई! वन्संचा त्र्यंबक! केवढा मोठा झालास रे!" असं म्हणून तिनं तरसाला कडकडून मिठी मारली.

मुलांनो, साळिंदरानं प्रेमानं मिठी मारली तरी ती साळिंदराचीच मिठी असते.

"आई गं!" तरस किंचाळला.

"आईची आठवण येतेय त्याला," कावेरीवहिनी गहिवरून म्हणाली. मग बाकीच्या एकोणसत्तर जणांनी त्याला एकेक करून जवळ घेतलं.

"मी तुमचा कुणी नाही! मी तरस आहे!" तो ओरडला.

"दुःखात असं होतं," एक म्हातारे आजोबा म्हणाले. "आमचा वसंता बाप गेल्यावर तीन दिवस मी खार आहे, मी खार आहे म्हणत होता."

"पण काटे कुठं गेले याचे?"

"त्वचेचं काहीतरी असेल. एरंडेल चोळा."

लगेच एरंडेल आलं. चोळणारेही आले. तेही काटेरीच होते.

तरसानं दात दाखवले. मोठे, पिवळे, हाडं फोडणारे दात. "मी तुम्हाला खाऊन टाकीन!"

"दात बाई थेट आजोबांवर गेलेत," कावेरीवहिनी म्हणाली. "आणि आम्हाला काय खातोस, तूच आधी खा चार घास. बरगड्या दिसतायत." तिनं त्याच्यापुढे उकडलेला सुरण ठेवला. बिनमिठाचा. "सुतक आहे ना तुला. तेराव्यापर्यंत हेच. मांस-मच्छी चालायची नाही."

"कसलं सुतक! ती बाई जिवंत आहे! ती बघा, आत बसलीय!"

सत्तर जणांनी दाराकडे पाहिलं. ठकूआत्या उंबऱ्यावर बसून पाहुण्यांनी आणलेले पोहे खात होती. तिनं सगळ्यांना हात केला.

"ते आम्हाला माहीत आहे रे," कावेरीवहिनी समजुतीनं म्हणाली. "मी स्वतः भेटून गेलेय. पण झाडावर तारीख जाहीर झालीय. चौऱ्याऐंशी जणांनी तेराव्याची सुट्टी काढलीय. आचारी ठरलाय. आता एक बाई जिवंत आहे एवढ्यासाठी सगळं रद्द करायचं?"

तरसानं ठकूआत्याकडे पाहिलं. "बाई, सांगा ना यांना! मी तुमचा मुलगा आहे का?"

"मी काय सांगणार?" ठकूआत्या म्हणाली. "मी वारलेय. नोंदीत काय आहे ते बघा."

त्या दिवसापासून तरसाला क्षणाचीही उसंत मिळेना. सकाळी उठल्याबरोबर अकरा काकू विचारायच्या, झोप लागली का. काय काम करतो, विचारायच्या. अजून लग्न का नाही, विचारायच्या. टोचे नावाच्या साळिंदरांची एक मुलगी होती, स्वयंपाकात हुशार. तिला दाखवायलाच आणलं. मुलीनं खाली मान घालून विचारलं, "आपल्याला कुठला कंद आवडतो?" आणि तरस, जो चार जंगलांत हाडं फोडून खाण्यासाठी प्रसिद्ध होता, पुटपुटला, "सुरण." त्याला दुसरा कंदच माहीत नव्हता. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. जुळलं, म्हणाल्या.

दहाव्या दिवशी सकाळी आजोबा वस्तरा घेऊन आले.

"हे कशाला?" तरसानं विचारलं.

"आज दहावा. मुलाला मुंडण करावं लागतं. बस असा खाली. आयाळ छान आहे हो तुझी. येईल परत सहा महिन्यांत."

तरस उठला आणि पळत सुटला. तो थेट कचेरीत जाऊन टेबलाखाली घुसला.

"भाऊसाहेब!" तो धापा टाकत म्हणाला. "ठकूबाई जिवंत आहेत! मी स्वतः पाहिलंय! बोलतात, पोहे खातात, काटे फुलवून अंगावर येतात! लिहून घ्या!"

धिमे भाऊसाहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अंगभर काटे रुतलेले, एरंडेलानं अंग चपचपलेलं.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"कुणी नाही!"

"मग तुमच्या सांगण्याला काय अर्थ?" भाऊसाहेब पुन्हा मान आत घ्यायला लागले. लांबून आजोबांची हाक ऐकू आली, "बाळ त्र्यंबक!"

तरसानं डोळे मिटले. "मुलगा," तो म्हणाला. "मी त्यांचा मुलगा आहे."

"हां. मग सही करा. पूर्ण नाव."

तरसानं लिहिलं, त्र्यंबक ठकूबाई बोचरे.

भाऊसाहेबांनी शिक्का मारला. "मी तीस वर्षं या टेबलाखाली आहे," ते म्हणाले. "बिळाचा वारस स्वतःहून येऊन आई जिवंत आहे म्हणून सांगतोय, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. फार संस्कारी मुलगा आहात."

त्याच दुपारी दिगंबरनं दाखला जोडला आणि बटण दाबलं. ठकूआत्याचं पान राखाडी झालं. त्यावर नुसतं 'खाजगी' असं दिसू लागलं. दिगंबरला थोडं वाईट वाटलं, पण बाकीच्या दहा जणांनाही त्यानं जिवंत करायला घेतलं. सगळ्यांत शेवटी स्वतःला करायचं ठरवलं. भाऊसाहेबांनी त्याला एकदम दहा फॉर्म दिले होते, ते भरण्यात त्याचे पुढचे कित्येक महिने छान गेले.

पाहुणे जेवून गेले. आचारी ठरलेलाच होता, म्हणून तेराव्याचं जेवण ठकूआत्या जिवंत असल्याबद्दल झालं. ठकूआत्यानं स्वतः वाढलं. पंगतीत कुणीतरी तिला पुढच्या महिन्यात बारशाला बोलावलं, तेव्हा तिनं डावा कान पुढे केला नाही. येते म्हणाली. गेली नाही ती गोष्ट वेगळी, पण येते म्हणाली.

"आत्या, त्र्यंबकचं पान काढायचं का गं?" दिगंबरनं विचारलं. "मी सगळ्यांची संमती मागून बघतो."

"मिळणार नाही," ठकूआत्या म्हणाली. "सगळ्यांना आवडलाय तो."

आणि तरस? तो पळत पळत सात जंगलं ओलांडून एका डोंगराच्या कडेला पोहोचला. तिथं ना साळिंदर होतं, ना सुरण. त्यानं नवा नंबर घेतला. एका मोकळ्या दगडावर पाय पसरून बसला. कितीतरी दिवसांनी त्याला मनापासून हसू आलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला.

"पोहोचलास का रे, बाळ?" कावेरीवहिनी म्हणाली. "नवा नंबर झाडावर टाकलाय हो मी. टोचेंकडची मंडळी उद्या निघतायत तुझ्याकडे."

तात्पर्य : आपल्या कुळाची माहिती परक्याच्या हाती लागली तर घाबरून जाऊ नये. त्याच्या हाती कुळही द्यावं.